पाय की क्लच

आमच्या गोठ्यात एका अंगाला बैलजोडी बांधलेली असे आणि दुसऱ्या अंगाला विलायती मोटार. बांधलेली म्हणजे खरोखरच बांधलेली, हसू नका. तिचा हँडब्रेक धरत नसे आणि गोठा रस्त्याकडे उतरता, म्हणून बाबा तिच्या पुढच्या बंपरला बैलाचा जुना कासरा लावून तो गव्हाणीच्या खुंट्याला गाठ मारून ठेवत. आमच्या गावी, अड्याळला, कोणाकडे पाहुणा आला की लोक त्याला आधी आमच्या गोठ्यात आणून ही मोटार दाखवत आणि मग घरी नेऊन चहा पाजत. दोनच माणसांची गाडी. वर छप्पर नाही, घडीचं कापडी टप होतं ते केव्हाच कुजून गेलेलं. लांब नाक, गोल डोळे, रंग कधीकाळी लाल. आणि बुटकी तर इतकी, की माय, म्हणजे माझी आई, तिच्यात पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली होती, यापेक्षा पाटावर बसलेलं बरं, पाट निदान हलत तरी नाही.

गाडी मूळची आमच्या गावातल्या राइस मिलच्या शेठची. तरुणपणी त्यांनी ती मोठ्या हौसेनं आणली, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यांवरून धूळ उडवत फिरवली, आणि मग शेठचं पोट सुटलं. सीट आणि स्टिअरिंग यांच्या मधे शेठ मावेनासे झाले तशी ती मिलच्या मागच्या कोंड्याच्या शेडमध्ये जाऊन पडली. बाबा त्याच मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर. जाता-येता तिच्याकडे पाहायचे. एक दिवस शेठच म्हणाले, घेऊन जा बापा तिले, माह्या डोळ्याले पाहवत नाही. बाबांनी घरची बैलजोडी नेऊन तिला ओढत आणली. आमच्या घरची पहिली मोटार अशी बैलांच्या मागे चालत आली, आणि अर्धं गाव तिच्या मागे. पुढे कित्येक सुट्ट्या बाबा तिच्या पोटाखाली पडून असायचे. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत आणि आतून आवाज येई, बेबी, बारीक पाना दे. बेबी म्हणजे मी. आता केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी अड्याळमध्ये गेले की मी बेबीच.

मिलचा धडधडाट हा आमच्या घराचा श्वासच होता. तो थांबला की आम्ही दचकायचो. त्या सगळ्या गोंगाटातही बाबांचा कान इतका तिखट, की सपरीत, म्हणजे ओसरीत, बसल्या बसल्या रस्त्यावरून जाणारी गाडी न पाहता सांगत, याचा क्लच चालला, त्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीस नाही. गाडी कानानं चालवायची असते असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला शिकवण्याची त्यांची रीतही न्यारी होती. मला स्टिअरिंगवर कधी बसू दिलं नाही. मी शेजारच्या सीटवर. गिअरची दांडी दोघांच्या मधे. बाबा क्लच दाबत आणि म्हणत, टाक. की मी उजव्या हातानं गिअर टाकायचा. पाय त्यांचा, हात माझा. कोंढा गावाच्या रस्त्यानं आम्ही असे किती वेळा गेलो असू. सुरुवातीला माझा हात घाई करायचा आणि गिअरचे दाते कर्रर्र करून ओरडायचे. त्यावर बाबा रागवत नसत, पण चेहरा असा करत जणू मी त्यांच्याच दातावर पाना मारला. हळूहळू त्यांना ‘टाक’ म्हणायचीही गरज उरली नाही. त्यांचा गुडघा हलला की माझा हात जायचा. आज माझ्या नातीच्या गाडीला क्लचच नाही. ती म्हणते, आजी, किती आरामाचं आहे बघ. आहे खरं आरामाचं. पण त्या गाडीत दोघांनी मिळून करण्यासारखं काही म्हणजे काही नाही, आणि मी हे बोलले की ती गाणी लावते.

बाबांनी शिकवलेली एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गिअर टाकताना वाजला, तर लोक आधी गिअरबॉक्सला शिव्या देतात. बाबा म्हणायचे, शिव्या नको देऊ, पहिले इंजिन बंद कर. बंद गाडीत गिअर चुपचाप पडला तर बॉक्स साजरा आहे, खोट क्लचमध्ये आहे. क्लचचं काम एवढंच की गिअर बदलायच्या घडीपुरती इंजिन आणि चाकं यांची सोडवण करायची. सोडवण अर्धवट झाली की फिरत्या दात्यांवर दाते घासतात आणि ओरड होते. आमच्या त्या गाडीत पायाचा जोर क्लचपर्यंत तेलातून जायचा. बॉनेट उघडलं की एक लहानसा डबा, त्यात ब्रेकचं तेल, तिथून खाली एक नळी. तेलाला ढकललं की पुढे क्लच सुटायचा. यापेक्षा जास्त यंत्रविद्या मी तुम्हाला सांगणार नाही, घाबरू नका.

आता मायच्या राज्यात या. आमच्याकडे तेल म्हणजे जवसाचं. दुसरं तेल असतं हे मला लग्नानंतर कळलं. चुलीशेजारी त्याचा डबा असे, आणि त्याच्या काठावर तेल सुकून सुकून पिवळा चिकट डिंक धरलेला, तो नखानं काढत बसायची मला सवय होती आणि त्यासाठी मार बसायचा. वांग्याची भाजी त्यात, माशाचा रस्सा त्यात, गरम आयत्यांवर, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या धिरड्यांवर, धार त्याचीच. त्याला एक कच्चट, गवताळ वास असतो. ज्याचं त्यात बालपण गेलं त्याला तो घराचा वास वाटतो, बाकीचे नाक मुरडतात, मुरडोत. हेच तेल लसूण घालून कोमट करून माय सांध्यांना चोळायची. चिखलणीच्या दिवसांत बैल थकून आले की बांबूच्या नळ्यानं त्यांच्या घशातही तेच सोडायची. माणूस असो, बैल असो की कुरकुरणारं कवाड, मायजवळ औषध एकच होतं.

त्या उन्हाळ्यात मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि बाबांचा डावा पाय तिच्याखाली सापडला. हाड दोन जागी मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्यांना सपरीतल्या बाजेवर आणून ठेवलं, आणि ज्या माणसाला आम्ही गाडीच्या पोटाखाली सोडून दिवसा कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं तो माणूस पावसाळाभर तिथं पडून राहिला. रोवणी तोंडावर आली तेव्हा बैल हाकायला कोणी नाही. शेत बटाईनं दिलं आणि जोडी विकली. जोडी नेली त्या दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि माय चुलीपुढे बसून उगाच फुंकर मारत होती, जाळ चांगला पेटलेला असून. शेठ वाईट नव्हते. घरी येऊन सांगून गेले की दिवाळीनंतर नवा धान येईल, तोवर ट्रकवर दुसरा माणूस ठेवतो, पाय धड झाला तर ट्रक तुमचाच. आणि नाहीच झाला तर मिलच्या फाटकावर खुर्ची टाकून देतो, चौकीदारी करा. शेठनं हे मायेनंच सांगितलं, पण खुर्ची हा शब्द ऐकून बाबांचं जेवण त्या दिवसापासून अर्ध्यावर आलं. पडून पडून त्यांचे कान मात्र रस्त्यावर. मिलचा ट्रक दारावरून गेला की नव्या माणसानं गिअर कसा टाकला ते ऐकून डोळे मिटून घेत.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तेल लावायचं, चोळायचं, आणि कानाशी तोंड नेऊन आमंत्रण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. त्या वर्षी गोठा अर्धा रिकामा. दिवेलागणीला मी पाहते तर माय हळदीची वाटी, तेलाचा गडवा आणि पळसाची पानं घेऊन गोठ्यात निघालेली. मी म्हटलं, बैल कुठी आहेत? ती म्हणाली, “बाबाच्या पायाले पंधरवडाभरानं मोकळं करतीन. त्याच्यापायी वर्षाचा सण रिकामा कायले जाऊ देऊ? गोठ्यात एक जनावर आहे ना अजून.” आणि तिनं मोटारीच्या दोन्ही मडगार्डांना, म्हणजे तिच्या मते खांद्यांना, हळद-तेल चोळायला सुरुवात केली. मला हसू आलं, पण कंदील धरून उभी राहिले. बाबांनी दुखण्याच्या आधी काहीतरी काम काढलं होतं, म्हणून बॉनेट नुसतं टेकवलेलं होतं. ते मायनं वर केलं, आतही पुसायचं म्हणाली. तेवढ्यात सपरीतून बाबांनी पाणी मागितलं म्हणून मी कंदील खुंटीला लावून गेले. परत आले तेव्हा माय गाडीच्या डोळ्याशी वाकून आवतण देत होती.

प्लास्टर निघालं. पाय बारीक, पांढरा, कोणा दुसऱ्याचा असावा तसा. मायनं सकाळ-संध्याकाळ चोळून चोळून त्यात रंग आणला, बाबा काठीवरून उभे राहिले, मग काठी सोडून. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर त्यांनी कासरा सोडला आणि मला म्हणाले, चाल. मी शेजारी बसले. इंजिन लागलं, बाबांनी क्लच दाबला, दाबताना त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला, आणि ते म्हणाले, टाक. मी टाकला. असला कर्रर्र आवाज झाला की माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. पुन्हा टाक म्हणाले, पुन्हा तोच. मी रडवेली होऊन म्हटलं की माझ्या हाताची सवय मोडली. त्यावर बाबा गाडी बंद करून समोरच्या गव्हाणीकडे पाहत अगदी साध्या आवाजात म्हणाले, “हात साजरा आहे तुहा. पाय गेला माहा.”

दुसऱ्या दिवशी गणपत मिस्त्री आला. गणपत बाबांचा जिवाभावाचा माणूस, गावातले डिझेल पंप आणि ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून जात. त्यानं कानाला स्क्रूड्रायव्हर लावून गाडीचं पोट तपासलं आणि बॉक्सचे दाते झिजले म्हणाला, नागपूरला नेऊन खोलावा लागेल. बाबांनी इंजिन बंद केलं आणि सगळे गिअर एकेक करून टाकून दाखवले. एकही वाजला नाही. बॉक्स साजरा आहे गणपत, एवढंच ते म्हणाले. मग गणपतनं क्लचची तपासणी करायची म्हटली. बाबा म्हणाले, क्लचले काय झालं, उन्हाळ्यात मखमलीसारखा होता, गाडी उभीची उभी आहे तेव्हापासून. गणपत समजला. फाटकापाशी त्यानं मायला हळूच सांगितलं की भाऊजीचा पाय पूरा दबत नाही, जबरदस्ती नका करू त्यायले. मी तुळशीमागे उभी होते. माझ्या अंगाची अशी लाही झाली की मी गणपतकाकांशी कित्येक दिवस बोलले नाही. बिचाऱ्याची काय चूक होती?

आता मला कोणी विचारेल की एवढा हुशार ड्रायव्हर, त्यानं दुसऱ्या कोणाला त्या सीटवर बसवून क्लच दाबायला का नाही लावला? एका क्षणात कळलं असतं, दोष पायाचा की गाडीचा. मीही तेव्हा हाच विचार करून चिडायचे. आज कळतं, त्यांना नेमकं तेच नको होतं. दुसऱ्याच्या धडधाकट पायाखाली गिअर चुपचाप पडला असता तर मग बोलायला काही उरलं नसतं. न तपासता निदान थोडी शंका तरी शिल्लक होती, आणि माणूस तेवढ्या शंकेवरही दिवस काढतो. पण दिवाळी जवळ येत होती. एका सकाळी जेवताना बाबांनी मायला सांगून टाकलं की ते बाजाराच्या दिवशी मिलवर जाऊन शेठला भेटणार, ट्रक दुसऱ्याला पक्का द्या म्हणणार आणि खुर्ची घेणार. आणि गाडीही शेठकडे परत धाडणार, कोंड्याच्या शेडमध्ये. माय वाढता वाढता थांबली. तिच्या हातातल्या आयत्याची वाफ निघून गेली तरी तो हातातच.

बाजाराचा दिवस उजाडला. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, काठी घेऊन निघाले. एरवी काठी घरी ठेवत, त्या दिवशी मुद्दाम घेतली. माय भाजी आणायला गेली. मी घरात एकटी, आणि डोकं नुसतं तापलेलं. काय झालं मला ठाऊक नाही, मी सरळ गोठ्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडच्या सीटवर, बाबांच्या जागेवर जाऊन बसले. चावी गव्हाणीच्या कोनाड्यात असे. इंजिन लावलं. क्लचवर पाय ठेवून दाबला. आणि तो दबेचना. मी सबंध पावसाळा दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखल तुडवून रोवणी केलेली पोरगी, माझ्या पायात जोर नाही असं कोणी म्हणून दाखवावं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, दात खाऊन दाबला तेव्हा तो खाली गेला, अडकत अडकत, आणि गिअर टाकला तर तोच कर्रर्र. मी पुन्हा टाकला. तो आवाज मला इतका गोड लागला म्हणून सांगू! वाज बाई, म्हटलं, अजून वाज.

उतरून बॉनेट उघडलं. त्या लहानशा डब्याचं झाकण नुसतं ठेवलेलं होतं. बाबांनी उन्हाळ्यात तेल कमी झालेलं पाहून, भंडाऱ्याहून बाटली आणू म्हणून ते ढिलं करून ठेवलं होतं आणि मग त्यांच्यावर थप्पीच कोसळली, त्यात ते विसरूनच गेले. झाकण काढलं तर डबा काठोकाठ भरलेला. वर साय धरल्यासारखी पिवळी चिकट कातडी. मी नखानं ती ओरबाडली आणि बोट नाकाशी नेलं. मला वांग्याची भाजी आठवली, आयते आठवले, मायचा हात आठवला. जवस. त्या घडीला मला सगळं दिसलं, हळदीची वाटी, गडवा आणि अर्धा रिकामा डबा पाहून मायला वाटलेली कळकळ. जनावराच्या पोटात काही नाही आणि उद्या तर पोळा.

मी मिलकडे धावत सुटले. ओढणी वाटेत पडली ती नंतर कोणी तरी आणून दिली. बाबा मिलच्या फाटकात पोहोचले होते, शेठच्या ऑफिसच्या पायरीवर एक पाय ठेवलेला. मला धाप लागलेली, मी काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही, पण गाडी लावली, तुमच्या जागी बसले, क्लच दाबला हे सांगितलं. त्यांच्या जागी बसले म्हटल्यावर त्यांच्या भुवया चढल्या. मग त्या हळूच खाली आल्या.

“तुले जड गेला?” त्यांनी विचारलं.

“हाव बाबा. दोन्ही हातानं स्टिअरिंग धरलं तेव्हा दबला. आणि गिअर वाजला.”

“तुह्या पायानं?”

“माह्या पायानं.”

बाबा पायरीवरून खाली आले. मागे मिल धडधडत होती. ते माझ्याजवळ अगदी कान आणून म्हणाले, “अजून एक डाव सांग.” मी सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं, आणि मी सांगत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. तेलाचं मी त्यांना तिथं सांगितलं नाही. शेठ बाहेर आले, काय झालं विचारू लागले. बाबा म्हणाले, काही नाही शेठ, आठ दिवसांनी येतो, ट्रकचं बोलायला. आणि काठी खाकेत मारून घराकडे चालू लागले.

घरी येऊन त्यांनी डबा पाहिला, बोट बुडवलं, वास घेतला. माय तोवर बाजारातून आली होती, भाजीची थैली अजून हातातच. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही, पण ती आपणहून गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “म्या टाकलं. आवतण देलं आणि पाहिलं त पोट खाली होतं तिचं.” मग जे तिला खरं खुपत होतं ते निघालं. “म्हणजे इतके दिवस तुमी सोताच्या पायाले दोष देऊन रायले, ते माह्यापायी?” आणि ती खाली बसून हमसून रडायला लागली. बाबांना हसू आवरेना आणि रडूही. ते तिच्याशेजारी शेणामातीत बसले आणि म्हणाले, “अवो, पायाले चोळलं तेच तिले पाजलं ना तू? पाय चांगला झाला माहा. तिले मानवलं नाही, त्याले तू काय करशीन?”

गणपत मिस्त्रीनं भंडाऱ्याहून क्लचच्या नळीतली नवी रबरं आणली. जुनी काढली तर ती जवसाचं तेल पिऊन भिजवलेल्या वालासारखी फुगून नळीत घट्ट बसली होती, म्हणून पाय दबत नव्हता आणि दबला तरी क्लच पुरता सुटत नव्हता. सगळं स्पिरिटनं धुतलं, ब्रेकचं तेल भरलं, मी पायानं पंप मारत बसले आणि गणपतनं खालून हवा काढली. त्यानं झाल्यावर माझ्याकडे पाहून कान पकडले, तेव्हा मी त्याच्याशी बोलले. पहिल्या फेरीला बाबांनी मला बाजूला केलं आणि शेजारी मायला बसवलं. मला फार राग आला होता. बाबांनी क्लच दाबला आणि तिला म्हणाले, टाक. मायनं दांडी अशी धरली जशी ती मुसळ धरते, दोन्ही हातांनी, आणि डोळे मिटून ढकलली. काही वाजलं नाही. गाडी रस्त्यावर गेली, मिलच्या फाटकासमोरून गेली, आणि कोंढ्याच्या वळणापर्यंत मी ती कानानं ऐकत उभी होते. प्रत्येक गिअर चुपचाप. नव्या धानाचा पहिला ट्रक त्या वर्षी बाबांनीच भरून नेला.

पुढे मोटारीला पोळ्याचं आवतण दरवर्षी मिळत राहिलं. बाबा फक्त त्या संध्याकाळी डब्याचं झाकण तपासून घट्ट करत आणि मायला म्हणत, दे आता, पण बाहेरून. माझं लग्न होऊन मी नागपूरला आले, शाळेत मास्तरीण झाले, निवृत्तही झाले, तरी पोळ्याला अड्याळ चुकवलं नाही. सणाच्या सकाळी झेंडूची माळ घातलेल्या त्या गाडीतून बाबा आणि मी कोंढ्यापर्यंत जाऊन यायचो. पाय त्यांचा, हात माझा.

शेवटच्या पोळ्याची गोष्ट. बाबा तोवर इतके म्हातारे झाले होते की सीटवर त्यांना बसवावं लागे. माझेही केस पांढरे. मायनं आदल्या दिवशी खांदे शेकून ठेवले होते, मडगार्डांवर हळद तशीच. बाबांनी क्लच दाबला. मी त्यांच्या गुडघ्याकडे पाहत होते, तो अर्ध्यावरच थरथरायला लागला. टाक, म्हणाले. मी टाकला आणि गाडी ओरडली. पुन्हा टाकला, पुन्हा ओरडली. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि जे त्यांनी पाय मोडला त्या वर्षी कोणालाच सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. म्हणाले, “बेबी, तू बसून पाहा.”

मी त्यांना धरून शेजारच्या सीटवर बसवलं आणि फिरून त्यांच्या जागी गेले. इंजिन लावलं. क्लचवर पाय ठेवला तर तो लोण्यासारखा मऊ. तळापर्यंत दाबून गिअर टाकला असता तर आवाजही झाला नसता, आणि माझ्या शेजारी ते कान बसलेले. मी पाय अर्ध्यावर थांबवला आणि गिअर ढकलला. कर्रर्र झालं. उभ्या जन्मात मी मुद्दाम केलेला तो एकच खराब गिअर. म्हटलं, “मलेही जड जाते बाबा. तेल पाहा लागते.”

बाबांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे गिअर रस्त्यावरून ऐकले त्यांना माझा अर्धा पाय ऐकू आला नसेल? ते समोरच्या गव्हाणीकडे पाहत राहिले. तेवढ्यात गोठ्याच्या दारातून माय आली, कमरेत वाकलेली, पुरणाचे हात पदराला पुसत. तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाली,

“म्याच टाकलं असन बापा तेल. काल अंधार होता.”

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हसले, त्या पूर्वीच्या वेळेसारखं, डोळ्यांत पाणी ठेवून. मला म्हणाले, “मंग राहू दे. रबरं आणू भंडाऱ्याहून.” मी कासरा बंपरला बांधला, खुंट्याला गाठ मारली, आणि आम्ही तिघं जेवायला गेलो. रबरं आणायला कोणी गेलं नाही.